काळ्या मुखावरचा उजेड

कुंभकोणमपासून 20 किलोमीटरच्या आसपास, वेट्टारु नदीच्या काठी, तिरुक्करुगावूर हे गाव आहे. जिल्हा तंजावरचा, भोसल्यांनी 1799 पर्यंत सांभाळलेला. इथल्या देवीचं नाव गर्भरक्षाम्बिका. मूल हवं असलेल्या आणि पोटुशी बायका दुरून तिच्या दर्शनाला येतात. नवस, प्रसाद, कथा यांवर पुष्कळ बोललं जातं. तिच्या साजशृंगाराबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही, आणि मला तर ती स्वतंत्र वाचायची गोष्ट वाटते.

गाभाऱ्यात नजर पोचते तेव्हा आधी मुख दिसतच नाही. अंधारात चमकतो तो नाकातला खडा, मग कपाळीचं कुंकू, मग डोळे. चेहरा या तीन जागांवरून आपण मनात जुळवतो. दीप पायांपाशी असतो तेव्हा हनुवटीची खालची कड आणि खालचा ओठ उजळतात, नाकाची सावली वर चढते. ज्योत मुखापर्यंत आली की ती सावली उतरते आणि नाकाचा दांडा एकदम पुढे येतो. दीप ओवाळताना उजवा गाल, मग डावा, असा उजेड फिरतो. मूर्ती जागची हललेली नसते, तरी मुख वळल्याचा भास होतो.

आजच्या मेकअपमधलं कॉन्टूरिंग नेमकं हेच साधू पाहतं. गालाच्या हाडाखाली, नाकाच्या दोन्ही कडांना आणि जबड्याशी कातडीपेक्षा गडद, न चमकणारी छटा. हाडाच्या माथ्यावर, नाकाच्या दांड्यावर, वरच्या ओठाच्या खाचेपाशी चमक. मग दोन्हींच्या कडा इतक्या विरघळवायच्या की हात लागल्याचं कळू नये. चेहऱ्यावर सावली रंगवून ठेवायची, म्हणजे समोरून सपाट प्रकाश पडला तरी उठाव मोडत नाही. कॅमेऱ्यासमोर, मांडवातल्या झगझगीत दिव्यांखाली ते लागतंच. मात्र रंगवलेली सावली उजेडाबरोबर जागा बदलत नाही. दिव्याची दिशा फिरली की ती उघडी पडते.

देवीच्या काळ्या पाषाणावर मात्र गडद छटा लावायला जागाच नाही. सावली शिल्पकारानं छिन्नीनं आधीच कोरून ठेवली आहे आणि दिवा ती जागी करतो. सजवणाऱ्या हाताकडे उरतो फक्त उजेड, आणि तो फार मोजून वापरावा लागतो. तेलाचा हात फिरला की दगडाचा काळा रंग आणखी गडद होतो, आणि त्याच गडदपणातून उंचवटे चमकतात. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे सावळ्या नवरीला आधी दोन छटा उजळ फाउंडेशन चोपडतात, मग हरवलेला उठाव तपकिरी रंगानं परत आणायला बसतात. इथे काळेपण झाकायचा विचारही नाही. सोनं, कुंकू, हळद सगळं त्याच्याच आधारावर उठून दिसतं.

चंदनाचा लेप देतात तेव्हा रीत उलटते. तमिळ देवळांत देवतेला चंदनानं पूर्ण मढवण्याचा प्रकार आहे. उन्हाळ्यात पंढरीच्या विठोबाला लागणारी चंदनउटी आपल्याला ठाऊक आहेच. लेप जाड झाला की दगडातलं कोरीव बुजतं. मग नाक, ओठ, पापण्या ओल्या चंदनात बोटांनी पुन्हा घडवाव्या लागतात. तो हात थोडा जरी जड पडला तरी मुख मुखवट्यासारखं दिसू लागतं. हलक्या हाताची परीक्षा तिथेच होते.

याच देवळात महादेवापुढे वेगळाच नियम आहे. मुल्लैवननाथर हे लिंग मातीचं, स्वयंभू मानलेलं, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. त्याला पुनुगू, म्हणजे जवादी मांजराचं सुगंधी द्रव्य लावतात. तिथे गाल नाहीत, नाक नाही, उठाव द्यावा असं काही नाही. लेप आहे तो मातीला जपण्यासाठी. एकाच आवारात दोन लेप: एक रूप खुलवणारा, एक नुसता राखणारा. देवी मात्र दोन्ही करते असं मला तिच्याकडे बघताना वाटतं.

कारण मुखाशी नजर थांबत नाही. गळ्यातले हार, माळा तिला खाली घेऊन येतात, आणि ती पोचते देवीच्या पोटाशी धरलेल्या हातावर. आतला गर्भ सावरावा तसा तो हात आहे. चेहऱ्यावर उजेड ठेवण्याचं सगळं कसब मला या हातासाठी वाटतं: मुख आपल्याला बोलावतं, दाखवायचं असतं ते इथलं. गरोदर बायकांना इथून एरंडेल तेलाचा प्रसाद मिळतो. तोही लावायचा तो पोटावरच.