पुनःश्रवण आणि रसविघ्न : ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या निमित्ताने

'ऑल्टरनेटिव्ह रॉक' ही संज्ञा आरंभी शैलीपेक्षा व्यवस्थेची निदर्शक होती. अमेरिकेतील महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे आणि लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्था यांच्या आधाराने १९८०च्या दशकात जे रॉक संगीत मुख्य बाजारपेठेच्या कडेला वाढले, त्याला हे नाव चिकटले. 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने सप्टेंबर १९८८मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र क्रमवारी सुरू केली. जानेवारी १९९२मध्ये 'निर्वाणा' या वृंदाचा 'नेव्हरमाइंड' (१९९१) हा अल्बम मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे सारून मुख्य क्रमवारीत पहिला आला, तेव्हा 'पर्याय' या शब्दाचा मूळ अर्थ संपुष्टात आला. ज्यांचे कुमारवय या संगीतावर पोसले गेले, ते श्रोते आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. वर्धापनाच्या निमित्ताने निघणाऱ्या नव्या आवृत्त्यांमधून ते त्या अल्बमांकडे परत जात आहेत. या परतण्याचे स्वरूप काय, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

त्याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले स्मरणरंजनाचे : श्रोता संगीताकडे परतत नाही, आपल्या गतवयाकडे परततो. दुसरे कसोटीचे : काळाच्या ओघात कोणती कृती टिकली आणि कोणती विटली, याचा निवाडा श्रोता करतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. कुमारवयात ती कृती पूर्णपणे ऐकली गेली होती, हे ते गृहीत होय. ते तपासून पाहावयास हवे. कारण या संगीताच्या बाबतीत ते अगदी शब्दशःही खरे नाही.

'आर.ई.एम.' या वृंदाचा 'मर्मर' (१९८३) हा पहिला पूर्ण अल्बम घ्यावा. मायकेल स्टाइप याचे गायन त्यात इतके पुटपुटते आहे की इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही ओळीच्या ओळी लागत नाहीत. अल्बमसोबत गीते छापलेली नव्हती. १९८८च्या 'ग्रीन'मधील एका गीताचा अपवाद वगळता या वृंदाने 'अप' (१९९८) येईपर्यंत आपली गीते अल्बमसोबत छापलीच नाहीत. 'नेव्हरमाइंड'च्या पुस्तिकेत वेगवेगळ्या गीतांतील तुटक ओळी एकापुढे एक जोडून दिल्या होत्या. सलग गीत तेथे सापडत नव्हते. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'च्या 'लव्हलेस'मध्ये (१९९१) मानवी आवाज गिटारच्या ध्वनिपटलात जाणीवपूर्वक बुडवलेला आहे. तो अर्थ सांगत नाही, एका वाद्याप्रमाणे वाजतो. शब्दांची ही अस्पष्टता ध्वनिमुद्रणातील उणीव नव्हती. ती या संगीताने स्वीकारलेली रीती होती.

वोल्फगांग इझरने वाचनप्रक्रियेच्या मीमांसेत (१९७६) संहितेतील रिक्त स्थानांना मध्यवर्ती महत्त्व दिले. वाचक ही स्थाने भरतो आणि त्यातून कृती घडते; पण ती कशी भरावीत याची दिशा संहिता देत असते. येथे मात्र संहिताच ऐकू येत नव्हती. पंधरा-सोळा वर्षांच्या श्रोत्याने ती जागा भरली ती स्वतःच्या एकाकीपणाने, घराविषयीच्या रागाने, शरीराविषयीच्या संकोचाने. ते गाणे 'आपलेच' आहे ही त्याची खात्री या भरणीतून आली होती.

१९९१मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रह-प्रक्षेपणातून एमटीव्ही भारतीय घरांत आली आणि मुंबई-पुण्यातील श्रोताही या संगीताच्या कक्षेत आला. मराठी माध्यमात शिकलेल्या श्रोत्याला न कळलेल्या शब्दाचा दोष आपल्या इंग्रजीकडे घेण्याची सवय असे. परंतु सिअ‍ॅटलमधील त्याचा समवयस्कही बहुधा त्याच शब्दापाशी अडत होता. परभाषिक आणि स्वभाषिक श्रोत्यांमधले अंतर या संगीताने काही अंशी मिटवले, ते अर्थ सर्वांपर्यंत पोहोचवून नव्हे, सर्वांपासून सारखाच दूर ठेवून. परभाषिकाचा अनुभव म्हणूनच येथे दुय्यम ठरत नाही. प्रश्नाचे रूप त्यात अधिक ठळकपणे दिसते, इतकेच.

या अनुभवाच्या विश्लेषणासाठी अभिनवगुप्ताची रसविघ्नांची कल्पना उपयुक्त ठरते. 'अभिनवभारती'त त्याने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. 'स्फुटत्वाभाव', म्हणजे प्रतीती स्पष्ट नसणे, हे त्यांपैकी एक. आणि 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे आस्वादकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन असणे, हे दुसरे. प्रथमदर्शनी 'मर्मर'सारखी कृती पहिल्या विघ्नाचे उदाहरण वाटेल. पण अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेले स्फुटत्व उच्चाराचे नाही, प्रतीतीचे आहे. शब्द न लागताही स्टाइपचा आवाज, रोलाँ बार्थने १९७२मध्ये ज्याला स्वराचा पोत म्हटले त्या अर्थाने, अत्यंत स्फुट असतो. अडथळा अन्यत्र होता. श्रोता आपल्या सुखदुःखाने इतका भरलेला होता की गाण्यातील अनुभव दुसऱ्या कुणाचा असू शकतो, ही शक्यताच त्याच्या मनात उद्भवत नव्हती. साधारणीकरणात आस्वादक 'स्व'च्या मर्यादा ओलांडतो. येथे कृतीच 'स्व'च्या मर्यादेत ओढली जात होती.

हे अनुमान 'नेव्हरमाइंड'मधीलच एका गीताने पडताळता येते. 'पॉली' हे गीत त्या अल्बममध्ये अपवादात्मक रीतीने स्पष्ट आहे : साधी अकूस्टिक गिटार, खालच्या पट्टीतला आवाज, सहज लागणारे शब्द. १९८७मध्ये टकोमा येथे चौदा वर्षांच्या एका मुलीचे अपहरण करून तिच्यावर बलात्कार करण्यात आला. त्या घटनेवर आधारलेले हे गीत अपराध्याच्या तोंडून येते. निवेदक आणि कवी यांच्यातील अंतर ओळखणे ही त्याच्या आकलनाची किमान अट आहे. ते अंतर न ओळखण्याचे टोक किती भीषण असू शकते हे कर्ट कोबेन याने 'इन्सेस्टिसाइड' (१९९२) या संग्रहाच्या टिपणात नोंदवले : दोन पुरुषांनी एका मुलीवर बलात्कार करताना हेच गीत गायल्याचे त्याने तेथे संतापाने लिहिले आहे. सर्वसाधारण कुमारवयीन श्रोत्याचा या क्रौर्याशी काही संबंध नाही. पण त्यानेही ते गाणे पुष्कळदा एक मंद, उदास सूर म्हणून गुणगुणले. शब्द स्पष्ट होते, प्रतीती नव्हती. विशेष म्हणजे अर्थ न जाणता सोबत गाणाऱ्या श्रोत्याचा उपहास 'इन ब्लूम' या गीतात त्याच अल्बमने केलेला होता, आणि तोही सर्वांनी सोबत गायला.

याच ठिकाणी लिझ फेअर हिच्या 'एक्झाइल इन गायव्हिल'चे (१९९३) महत्त्व कळते. 'रोलिंग स्टोन्स'च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'ला (१९७२) दिलेले उत्तर म्हणून तिने आपला अठरा गीतांचा अल्बम मांडला. ज्या अल्बमला ती उत्तर देत होती, त्यात मिक जॅगरचा आवाज वाद्यांच्या गदारोळात अर्धवट बुडालेला आहे. फेअरचा आवाज सपाट, जवळचा आणि बहुतांशी स्पष्ट आहे. पुटपुटणाऱ्या पुरुष गायकाला 'गूढ' म्हटले जाण्याची मुभा होती. स्त्रीला तशी मुभा सहजासहजी मिळणारी नव्हती. तिचे पुटपुटणे पुन्हा मौनातच जमा होण्याचा धोका होता. 'डायव्होर्स साँग'मधील प्रवासातले क्षुल्लक खटके आणि त्यांतून फुटत जाणारे नाते तपशिलानेच उभे राहते. तेथे श्रोत्याला भरावयास मोकळी जागा फार थोडी आहे. या अल्बमकडे परतणाऱ्या श्रोत्याला एक गोष्ट विशेषत्वाने जाणवावी. ज्या अस्पष्टतेला तो सर्वांसाठी खुली जागा समजत होता, तिचा 'सर्व' बराचसा पुरुष होता.

आज कोणत्याही गीताचे शब्द क्षणात पडद्यावर येतात. त्यामुळे पुनःश्रवण ही केवळ पुनरावृत्ती राहिलेली नाही. पुष्कळदा तेच पहिले श्रवण ठरते. त्याचे परिणाम मात्र कृतीगणिक भिन्न आहेत. 'मर्मर'मधील शब्द समोर आले तरी ते एका अर्थात स्थिरावत नाहीत. त्यांची अस्पष्टता रचनेचा भाग असल्यामुळे गाणे उलगडूनही शिल्लक राहते. 'पॉली' ऐकताना श्रोत्याला आपल्या जुन्या गुणगुणण्याचीच लाज वाटू शकते, आणि ती लाज हा त्या गीताच्या आस्वादाचा भाग होय. काही गाण्यांत शब्द कळल्यावर काहीच उरत नाही; त्यांत जे होते ते श्रोत्याने आणलेले होते.

कुमारवयीन श्रवण खोटे होते, असा याचा अर्थ नव्हे. त्या वयात गाण्याने दिलेला आधार खराच होता. परंतु तो त्या श्रोत्याच्या चरित्रातील पुरावा आहे, कृतीविषयीची साक्ष नव्हे. या दोहोंची गल्लत झाली की समीक्षेच्या नावाने आत्मचरित्र लिहिले जाते. वर्धापन-आवृत्त्यांवरील बऱ्याच लेखनाचे असे झाले आहे. परतणाऱ्या श्रोत्यासमोरचा प्रश्न 'हे संगीत अजून आवडते का' हा नाही. या गाण्यात आपल्याखेरीज आणखी कोण बोलत होते, आणि त्यावेळी ते का ऐकू आले नाही, हे त्याला विचारावे लागेल. 'पॉली'तील मुलगी त्या गाण्यात पहिल्यापासून होती.