जड पाणी आणि ‘हेवी वॉटर’

चाकणच्या एका कारखान्यात बॉयलरशेजारी लावलेली इंग्रजी सूचना आम्ही वाचली. बॉयलरला ‘हेवी वॉटर’ देऊ नये, असे तीत बजावले होते. हेवी वॉटर म्हणजे ड्यूटेरियम ऑक्साइड. ते अणुभट्टीत लागते, आणि त्याची किंमत पाहता ते कोणी बॉयलरमध्ये ओतील ही भीती नाही! लिहिणाऱ्याला ‘हार्ड वॉटर’ म्हणायचे होते, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले दुष्फेन पाणी. त्याने नळ्यांत थर साचतो, धातूची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि नळी अति तापून फुटूही शकते.

चूक कशी झाली ते उघड आहे. बोअरच्या पाण्याला आपण सर्रास जड म्हणतो, आणि जड म्हणजे हेवी. शब्द येत होते, स्पेलिंगही बरोबर होते. जोडी तेवढी चुकली. शब्दांच्या अशा रूढ सोबतीला ‘कोलोकेशन’ हे नाव भाषाविज्ञानात जे. आर. फर्थ यांनी रुजवले. (हे गृहस्थ १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत होते.) आपण मात्र मुलांकडून सुट्या शब्दांचे अर्थ पाठ करून घेतो. मग प्रयोगवहीत ‘हॉट टेम्परेचर’, ‘फास्ट स्पीड’ येते. ही चूक निव्वळ इंग्रजीची नाही. वस्तू गरम असते, तापमान जास्त असते. हा फरक विज्ञानाच्या शिक्षकानेच दाखवायला हवा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘स्मॉल पार्ट्स बॉक्स’ म्हणजे काय? मराठीत ‘छोट्या भागांची पेटी’ आणि ‘भागांची छोटी पेटी’ यांत घोटाळा होत नाही, कारण प्रत्यय नाते सांगतात. इंग्रजीत ते काम शब्दक्रमावर, फार तर एका जोडरेघेवर पडते. म्हणूनच विमान-उद्योगाने देखभालपुस्तिकांसाठी १९८०च्या दशकात आखलेल्या सोप्या इंग्रजीत तीनांहून अधिक नामे सलग जोडायला मनाई आहे. आमच्या प्रयोगशाळेतील पत्रकांना हा नियम लावला, तर निम्मी तरी पुन्हा लिहावी लागतील.

त्या पाटीबद्दल आम्ही बोललो, तेव्हा उत्तर मिळाले, “सगळ्यांना कळतं की!” मराठी येणाऱ्यांना कळते, हे खरे. पण पाळीवरचे दोघे ओडिशाचे होते, आणि पाटी इंग्रजीत लावली होती ती त्यांच्याचसाठी.