पाव गोळीचं विज्ञान : महाडचा विंचूदंशाचा पेपर फार्मासिस्टच्या नजरेतून

‘फार्मसीला गेलं तर लहान मुलांच्या दवाखान्यात काम करता येतं का?’ अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची बारावी सायन्स झालेली मुलं मला हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. त्याचं उत्तर देण्यासाठी आज कोर्सची यादी देत नाही. त्याऐवजी आपल्या रायगडातच झालेला एक पेपर वाचू. पेपर डॉक्टरांचा आहे, पण तो वाचताना फार्मासिस्टचं काम नेमकं कुठे सुरू होतं ते दिसतं. आणि आपलं शिक्षण त्या जागी कुठे कमी पडतं, तेही.

आधी थोडी पार्श्वभूमी

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. तिच्याच काठी वरच्या अंगाला महाड आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास इथे जवळच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण, त्यात लहान मुलंही, त्यांच्यासमोर दगावत होते. मृत्यू कसा येतो याची त्यांनी बारकाईनं नोंद केली आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा अनुभव मांडला.

या विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, हृदयावर ताण येतो आणि पुढे फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन ही मुळात मोठ्या माणसांच्या रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. बावस्करांच्या नोंदींनुसार प्राझोसिन येण्याआधी गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, नंतर ते १ टक्क्याच्या आसपास आलं. ही ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना आहे, हे लक्षात ठेवा. मधल्या काळात रस्ते, गाड्या आणि लोकांची जागरूकताही बदलली. तरी एवढी मोठी घट फक्त रस्त्यांमुळे झाली असं म्हणता येत नाही.

२०११ चा पेपर

आता मुख्य पेपर. २०११ मध्ये ‘बीएमजे’त बावस्कर दांपत्यानं महाडच्या आपल्या रुग्णालयातली चाचणी प्रसिद्ध केली. प्रश्न सरळ होता : नुसतं प्राझोसिन पुरेसं आहे, की त्यासोबत विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो? रुग्ण होते ७०. ३५ जणांना दोन्ही औषधं, ३५ जणांना फक्त प्राझोसिन. कोण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं. १० तासांत लक्षणं पूर्ण गेलेले रुग्ण पहिल्या गटात ३२ आणि दुसऱ्यात ८. बरं व्हायला सरासरी वेळ लागला ८ तास विरुद्ध १७.७ तास.

या पेपरचं मोठं बळ म्हणजे तो जिथे विंचू चावतो तिथेच झाला. मोठ्या शहरातल्या संस्थेनं इथली माणसं ‘नमुना’ म्हणून नेलेली नाहीत.

मर्यादाही बघू. कोणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं. घाम थांबला का, पाय गरम झाले का, ही मोजमापं बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतात, तिथे अपेक्षा नकळत शिरू शकते. चाचणी एकाच ठिकाणची आहे. फुप्फुसात पाणी भरण्याच्या आधीच्या टप्प्यातलेच रुग्ण घेतलेले आहेत, त्यामुळे उशिरा पोचलेल्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. आणि सहा महिन्यांच्या पुढची मुलं व मोठी माणसं एकत्रच ७० आहेत. मुलांबद्दल वेगळं काही ठामपणे सांगायला हा आकडा लहान पडतो.

आता फार्मासिस्टनं वाचायचं ते

मला या पेपरमधली सगळ्यात रंजक गोष्ट निष्कर्षाच्या बाहेर दिसते. यातल्या दोन औषधांच्या मात्रेमागचं तर्कशास्त्र एकमेकांच्या उलट आहे.

प्रतिविषाचं काम विषाला बांधून ठेवणं. विंचू लहान मूल बघून कमी विष सोडत नाही. म्हणून प्रतिविषाच्या बाबतीत साधारण तत्त्व असं की मुलाचं वजन कमी आहे म्हणून मात्रा कमी करायची नाही. प्राझोसिन मात्र मुलाच्या शरीरावर काम करतं, म्हणून ते वजनावर जातं. बालरोगाच्या पुस्तकांत मात्रा दिसते किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. एकाच खाटेवर, एकाच मुलाला, दोन वेगळे नियम.

आता हिशोब करा. मूल ९ किलोचं. ९ गुणिले ३० म्हणजे २७० मायक्रोग्रॅम. साधी गोळी १ मिलिग्रॅमची, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. हवी आहे पाव गोळीपेक्षा किंचित जास्त. ती पाव गोळी कोण करणार, आणि कशी?

गोळीचे तुकडे सारखे पडत नाहीत. युरोपियन फार्माकोपियाच्या कसोटीत रेघ असलेली गोळी विभागल्यावर ३० तुकड्यांपैकी एकापेक्षा जास्त तुकडा सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या बाहेर चालत नाही. तीही कंपनीनं तपासलेली रेघ. सुरीनं केलेली पाव गोळी ही कसोटी पार करेल याची काय खात्री? दुसरा मार्ग म्हणजे गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून २.७ मिलिलिटर काढणं. कागदावर छान दिसतं. पण प्राझोसिन पाण्यात फारच कमी विरघळतं, कण तळाशी बसतात. नीट हलवून लगेच काढलं नाही तर वरचं पाणी फिकं आणि तळाचं कडक. (हे घरी करायचं नाही. मूल थेट रुग्णालयात न्यायचं.) मात्रा जास्त झाली तर रक्तदाब एकदम खाली येतो, म्हणून पहिल्या डोसनंतर मुलाला आडवंच ठेवतात.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच. प्राझोसिनची हळूहळू औषध सोडणारी गोळीही बाजारात असते, २.५ आणि ५ मिलिग्रॅमची. नाव तेच, पुढे दोन अक्षरं जास्त. या गोळीची रचनाच अशी की औषध तासन् तास थोडं थोडं बाहेर पडावं. ती कापली की रचना मोडते आणि औषध एकदम सुटू शकतं. २.५ मिलिग्रॅम म्हणजे आपल्या ९ किलोच्या बाळाला हव्या असलेल्या मात्रेच्या नऊ पटींहून जास्त. अख्खी द्यावी तर मात्रा प्रचंड, आणि परिणाम हवा तेव्हा मिळत नाही. दुकानात ‘साधी नाही, हीच आहे, अर्धी करून द्या’ असं कोणी म्हणालं, तर तिथे थांबवणारा माणूस फार्मासिस्टच हवा.

अभ्यासक्रमाबद्दल

माझी टीका इथे आहे. बी.फार्मच्या पहिल्या सत्रात मुलांची मात्रा वय, वजन आणि शरीराच्या पृष्ठभागावरून कशी काढायची ते शिकवतात. यंगचं सूत्र घ्या : वय भागिले वय अधिक १२. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या एक तृतीयांश. परीक्षेत हमखास मार्क. पण या सूत्राला यकृत आणि मूत्रपिंड माहीत नाहीत. नवजात बाळ औषध हळू बाहेर टाकतं. तेच मूल दोन-तीन वर्षांचं झालं की काही औषधं किलोमागे मोठ्या माणसापेक्षाही भरभर संपवतं. मग सातव्या सत्रात नियंत्रित औषधवहन येतं, ऑस्मॉटिक पंप येतो. पहिलं आणि सातवं सत्र विद्यार्थ्याच्या डोक्यात एकत्र यावं, अशी सोय कुठेच नाही. महाडचा एक रुग्ण उदाहरण म्हणून घेतला तर दोन्ही धडे अर्ध्या तासात जोडले जातील.

डी.फार्मला किमान ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. आहे आणि त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तास मोजले जातात. बाळाचं वजन विचारून मात्रा पडताळल्याचे प्रसंग कोण मोजतं?

डॉक्टरांच्या पेपरवर यासाठी बोट ठेवणं बरोबर नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं. पाव गोळी अचूक कशी मिळेल, मुलांसाठी प्राझोसिनचं टिकाऊ पातळ औषध का नसावं, हे प्रश्न आमच्या विषयाचे आहेत. असं औषध विकून कंपनीला फार काही मिळणार नाही, म्हणून ते विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनीच उचलायला हवेत.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर : हो, फार्मसीतून मुलांसाठी काम करता येतं. कॉलेज निवडताना एवढंच विचारा की तुमच्या मुलांना वॉर्डात नेता का, आणि नेलं तर त्यांच्या हातात वजनाचा काटा देता का.