थेट म्हणजे नक्की किती थेट?

शिरूर आणि दौंड, दोन्हीकडची माणसं आज समोर आहेत. घोडनदी पुढे भीमेला मिळते, तसंच काहीसं झालंय.

आम्ही विषय साधा निवडला आहे: घरच्या कॉम्प्युटरवर थेट प्रक्षेपण बघणं. यात टीका करण्यासारखं काय आहे? आहे. पण टीका यंत्रावर नाही, ‘थेट’ या शब्दावर आहे.

ज्यांच्या घरी २००० नंतरच्या दशकात कॉम्प्युटर आला, त्यांना टीव्ही ट्यूनर कार्ड आठवत असेल. कॅबिनेट उघडायचं, खाचेत कार्ड बसवायचं, मागून केबलवाल्याची वायर जोडायची. पडद्यावर मुंग्या आल्या की वायर हलवून बघायची. पोराच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या मॉनिटरवर अख्खं घर मॅच बघायचं, आणि ऐन रंगात भारनियमन! पण एक होतं. शेजारी चौकार गेला की आमच्याकडेही जवळजवळ त्याच क्षणी जायचा, कारण वायर एकच होती.

आज इंटरनेटवर तसं होत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते सर्व्हरवर जातात, आणि आपला कॉम्प्युटर दोन-चार तुकडे जमा झाल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. म्हणून शेजारच्या डिशवर विकेट पडते, आरडाओरडा होतो, आणि आपला बोलर अजून रनअप घेत असतो.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. चांद्रयान-३ उतरलं. इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणावर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त प्रेक्षक होते. गंमत बघा, चंद्रावरून पृथ्वीवर सिग्नल यायला साधारण सव्वा सेकंद लागतो. बंगळुरूहून आमच्या कॉम्प्युटरपर्यंत यायला त्याहून जास्त वेळ लागला!

कोणी म्हणेल, पाच-पंचवीस सेकंदांनी काय बिघडतं? बरोबर आहे, काही बिघडत नाही. आमची खरी तक्रार उशिराची नाही. थेट काय दाखवलं जातं आणि काय नाही, ही आहे.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. १९ ऑगस्टला, म्हणजे चांद्रयान उतरण्याच्या चार दिवस आधी, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. संसदेचं पावसाळी अधिवेशन ११ तारखेलाच संपलं होतं. निर्णय अधिसूचनेने झाला. देशात भाव चढू नयेत, हे सरकारचं कारण होतं, आणि अधिसूचना काढणं कायद्यात बसतं. पण आपल्या या ऊस-कांद्याच्या पट्ट्यात ज्याच्या चाळीत माल होता, त्याला हा निर्णय होताना कुठल्याच पडद्यावर दिसला नाही. दिसला तो परिणाम, बाजारात. चंद्र थेट दिसला, कांदा नाही दिसला.

यावर पडदा फोडून उपयोग नाही. हाच पडदा दुसरंही करू शकतो. २७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी घरबसल्या बघता येते. पूर्वी त्यासाठी दिल्ली गाठावी लागायची. संसद टीव्हीवर सभागृहाचं कामकाज दिसतं. तिथे पार्श्वसंगीत नाही, लाल पट्ट्या नाहीत, कंटाळाही येतो. पण कोण उठून बोललं आणि कोण गप्प बसलं, हे कुणाच्या मध्यस्थीशिवाय कळतं. वृत्तवाहिनीवर चार चौकटींत चाललेल्या भांडणालाही ‘लाईव्ह’च म्हणतात; ते भांडण त्या क्षणी चालू असतं एवढंच खरं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. मॅच जरूर बघा, शेजाऱ्याच्या ओरडण्यावर चिडू नका. पण पुढच्या अधिवेशनात एक दिवस तरी कॉम्प्युटरवर प्रश्नोत्तराचा तास लावा. आपल्या पाण्याचा, विजेचा, कांद्याचा प्रश्न निघाला का, ते वहीत लिहून ठेवा. आणि मतं मागायला कोणी दारात आलं, की ती वही पुढे करा.