बावन्न माणसं, एक शिक्का

मराठी नाटकातला गडी कुठल्याही जिल्ह्यातला असो, एकाच ठरावीक गावरान भाषेत बोलतो. आणि त्यानं तोंड उघडलं की शुद्धवाल्यांनी हसायचं, असा रिवाज आहे. आमच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या कै. लक्ष्मण देशपांडे सरांनी १९७९ साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगमंचावर आणलं आणि मराठवाडी बोलीतली तब्बल ५२ पात्रं एकट्यानं उभी केली!

आता जमाखर्च मांडू. जमेला हे, की एक खेडवळ म्हणजे नमुना, बावन्न म्हणजे अख्खं गाव. रुसणारे, भांडणारे, पुढंपुढं करणारे. एकच शिक्का मारायचा कुणाकुणावर? नावे एवढंच, की काही हशा माणसाच्या स्वभावाला नाही, नुसत्या उच्चाराला पडतो. मग प्रयोग पाहिलेले साहेब दुसऱ्या दिवशी काउंटरवर म्हणतात, "तुमच्या भाषेत बोला की काहीतरी!" जणू इतका वेळ आम्ही फ्रेंचमध्ये पासबुक भरत होतो.

एका तोंडानं नाना माणसं बोलवायची कला एकनाथांनी सोळाव्या शतकातच भारुडांतून दाखवली. नाथ पैठणचे. आणि पैठण, साहेब, मराठवाड्यातच येतं!