इच्छा कोणाची?

मराठीत या विषयाला दोन शब्द आहेत, इच्छामरण आणि दयामरण. दोन्ही मला तोकडे वाटतात. इच्छामरण म्हटले की भीष्म आठवतात: शरपंजरी पडूनही शुद्धीवर, उत्तरायणाची वाट पाहत युधिष्ठिराला धर्म सांगणारे. ज्याची शुद्धच हरपली, त्याच्या इच्छेचे काय? दयामरणात तर दया करणारा बहुधा घरचाच असतो, आणि त्याचे पुढे काय होते हे तो शब्द विचारीतही नाही.

रेवती यांचा ‘सलाम वेंकी’ (२०२२) पाहताना हे फार जाणवले. त्यामागची हकीकत आमच्या हैदराबादची. कोलावेन्नू वेंकटेश हा बुद्धिबळपटू, स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन विकाराचा रुग्ण. अवयव निकामी होण्यापूर्वी ते दान करता यावेत म्हणून आपला कृत्रिम श्वास थांबवावा, अशी त्याची मागणी घेऊन २००४ मध्ये त्याची आई उच्च न्यायालयात गेली. मेंदूमृत्यूआधी असे अवयव काढण्यास कायदा परवानगी देत नाही. अर्ज फेटाळला गेला आणि त्याच डिसेंबरात तो गेला.

काजोलने ही आई संयमाने उभी केली आहे. माझी तक्रार पटकथेशी आहे. वेंकी इतका बोलतो, इतका हसवतो, की निर्णयाचे ओझे आईच्या खांद्यावरून आपोआप उतरते. ती फक्त त्याची वकील उरते. संजय सूरकरांच्या ‘सुखांत’मध्ये (२००९) आई स्वतःच मरण मागते. गोव्यात घडणाऱ्या ‘गुजारिश’मधला (२०१०) नायकही स्वतःच अर्ज करतो. आपल्या कथाकारांना बोलणारा रुग्णच हवा असतो. तो नसला की संवाद कोणाच्या तोंडी घालायचे, असा प्रश्न पडत असावा!

अरुणा शानबाग बोलत नव्हती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती मुंबईच्या केईएममध्ये होती. पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले, तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्जही केला. २०११ च्या निकालाने तो नाकारला. तिला भरवणाऱ्या परिचारिका तिला जगवू पाहत होत्या, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांनाच दिला. आप्त कोण, याचे उत्तर इथे नात्यावरून ठरले नाही, रोजच्या घासावरून ठरले. तो निकाल मला या तिन्ही चित्रपटांपेक्षा अधिक नाट्यमय वाटतो. त्यात दोन्ही पक्ष प्रेमानेच बोलत आहेत.

विद्यानगरातल्या आमच्या घरी २०१९ मध्ये थोरल्या भावाबाबत हीच वेळ आली. तो काहीच सांगून गेला नव्हता. सातव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांला बसवून घेतले. वरचे दोन्ही शब्द कोणी उच्चारले नाहीत. वहिनींनी एवढेच विचारले, “भाऊजी, ह्यांना त्रास होतोय का हो?” पुतण्या खर्चाचा कागद घडी घालून पुन्हा उघडत होता. त्या कागदाचा आपल्या निर्णयाशी संबंध नाही, हे आम्ही एकमेकांना दोनदा सांगितले. असा कागद मला अजून एकाही कथेत सापडलेला नाही.

कायदा मात्र पुढे गेला. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: आगाऊ इच्छापत्र नोटरीसमोर करता येते, आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांपैकी प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. इच्छापत्र नसेल तर घरच्यांची संमती लागते. एका सहीसाठी घरचे जमतात. त्यांत एखादा बारा वर्षे न बोललेला भाऊही असतो, गंगाजल कधी घालायचे हे विचारणारी आत्याही असते. कोर्टाचा पिंजरा बाजूला ठेवून कोणी मराठी नाटककाराने हे ४८ तास लिहावेत. रुग्णाला एकही वाक्य देऊ नये.