टाळाच्या आधी

काकड आरतीच्या ध्वनिमुद्रणाची एमपी-थ्री केली आणि ती जरा जास्तच आवळली, की बिघाड ऐकू येतो तो टाळ वाजण्याच्या आधी. आघाताच्या किंचित अलीकडे एक सळसळ उमटते, कुणीतरी पतंगाचा कागद चुरगळल्यासारखी, आणि मग टाळ पडतो. पडतो तोही बोथट. देवळात मांडी घालून ऐकलेला टाळ अशी वर्दी देऊन कधी येत नाही. ही सळसळ एकदा कानाला कळली की पुढे ती न ऐकण्याची सोय उरत नाही, आणि एन्कोडर नावाच्या अदृश्य कारागिराची ओळख तिथून सुरू होते.

आमचं गाव तामसी, आदिलाबाद जिल्ह्यातलं. उत्तरेला पैनगंगा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात. पाट्या बदलल्या तशा भाषा काही बदलल्या नाहीत. कापसाचा सौदा तेलुगूत, भांडण दख्खनीत आणि काकडा मराठीत, असं इथलं ढोबळ वाटप आहे. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालतो. त्याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, भोवतालच्या गोंड गुड्यांमधून दंडारी निघते आणि मोरपिसांचे भारदस्त टोप घातलेले गुसाडी नाचतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईच्या कनक राजूंना याच नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली होती. म्हणजे एकाच महिन्यात टाळही आणि घुंगरूही. आवाज लहान करू पाहणाऱ्या कुठल्याही आज्ञावलीला घाम फोडणारे हे दोन जिन्नस इथे पहाटे आणि संध्याकाळी आयते मिळतात.

माझ्याकडे काकड्याचं एक तासाचं मुद्रण आहे, छोट्या रेकॉर्डरवर केलेलं. सीडीच्या दर्जाने ठेवलं तर तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. महिनाभराचा काकडा असाच साठवायचा म्हटलं तर १९ गिगाबाइटच्या घरात जातो. गावातल्या माणसाच्या फोनमध्ये आधीच लग्नांचे व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे फोटो आणि शुभ सकाळ ठासून भरलेली असते. तिथे हे कोण ठेवून घेणार? म्हणून आवळणं आलं. आवळण्याची मुक्त, फुकट, कुणीही उघडून पाहावीत अशी चार अवजारं मी घेतली: फ्लॅक, लेम, व्हॉर्बिस आणि ऑपस.

फ्लॅकचं रसग्रहण करता येत नाही. तो काहीच टाकत नाही. दिलं ते जसंच्या तसं परत करतो. त्याला गवई म्हणण्यापेक्षा तिजोरीवाला म्हणावं. जॉश कोल्सन यांनी २००१ मध्ये तो पहिल्यांदा पूर्णरूपात दिला, २००३ मध्ये तो झिफ संस्थेच्या छत्राखाली आला, आणि इंटरनेटचं अधिकृत मानक व्हायला त्याला २०२४ चा डिसेंबर उजाडला. त्याची एक गंमत मात्र पाहण्यासारखी आहे. पुढचा नमुना आधीच्या नमुन्यांवरून अदमासायचा आणि चुकलेला फरक तेवढा लिहून ठेवायचा, ही त्याची रीत. एकटी वीणा चालू असते तोवर त्याचा अदमास बरोबर येतो आणि फाइल छान आटते. टाळ सुरू झाले की अंदाज चुकायला लागतात आणि फाइल फुगते. कान बंद करून नुसते आकडे पाहिले तरी गजर कुठे चढला ते सांगता येतं.

खरी परीक्षा उरलेल्या तिघांची, कारण ते टाकतात. माणसाच्या कानाला मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज ऐकू येत नाही, या दुबळेपणावर त्यांचा सगळा धंदा चालतो. आवाजाचा एक तुकडा घ्यायचा, त्यातले सूर सुटे करायचे, जे झाकलं जाणार ते ढोबळपणे लिहायचं. ढोबळपणामुळे जो कचरा होतो तो त्या अख्ख्या तुकड्यावर सारखा पसरतो. तुकड्याच्या शेवटी टाळ पडला असेल, तर त्याच्या वाट्याचा कचरा त्याच्या आधीच्या शांततेतही सांडतो. मोठ्या आवाजानंतर कान बराच वेळ बधिर राहतो; आधी मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. एमपी-थ्रीचा लांब तुकडा २६ मिलिसेकंदांचा असतो. कागद चुरगळल्याची सळसळ ती हीच.

उपाय सोपा वाटतो: तुकडे बारीक करा. पण बारीक तुकड्यात सूर नीट सुटे होत नाहीत. आघात धरायला तुकडा आखूड हवा आणि स्वर धरायला लांब. आणि टाळ हा बेटा दोन्ही आहे. काशाच्या दोन वाट्या आदळल्या त्या क्षणी तो निव्वळ आघात. पुढचा सेकंद-दीड सेकंद तो घुमत राहतो, तेव्हा तो स्वर. त्यात दहा-बारा टाळकरी कितीही एकतालात असले तरी केसभर पुढेमागे पडतातच, आणि त्या केसभर पुढेमागे पडण्यातच गजराचं भरलेपण आहे. पाश्चात्त्य चाचण्यांमध्ये यासाठी कॅस्टनेट वाजवतात, म्हणजे स्पेनच्या चिपळ्याच. लाकडाचा टकटकाट अवघड खरा, पण त्याला घुमारा नाही. टाळापुढे तो बालवर्गाचा पेपर आहे, असं माझं मत. पक्षपाती आहे, असू दे.

लेमपासून सुरुवात केली. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लंगडा, आणि पूर्ण नावाचा अर्थ ‘हा एमपी-थ्री एन्कोडरच नव्हे’. १९९८ मध्ये माइक चेंग यांनी मानक संस्थेच्या नमुना आज्ञावलीवर ठिगळ म्हणून तो सुरू केला. तेव्हा नाव अगदी खरं होतं, कारण ठिगळाला कुणी सदरा म्हणत नाही. २००० पर्यंत मूळ कापडाचा शेवटचा धागाही निघून गेला आणि उरली ती सगळी ठिगळंच. हा लेम टाळ येतोय हे हेरतो आणि २६ मिलिसेकंदांचा तुकडा सोडून नऊएक मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर उतरतो. कधी उतरायचं आणि घुमारा सुरू झाल्यावर पुन्हा कधी चढायचं, हा निर्णय म्हणजेच त्याची गायकी. १९० किलोबिटच्या आसपास, त्याच्या ‘व्ही-दोन’ मापाला, तो निर्णय इतका सहज होतो की मला काही पकडता आलं नाही. ११२ वर मात्र त्याची धांदल दिसते. विलंबित चालू असेपर्यंत सावरतो, गजर द्रुत झाला की सगळे टाळ एका पत्र्याचे होतात.

लेमचा एक दोष त्याचा नव्हे, घराण्याचा आहे. एमपी-थ्रीच्या मांडणीत १६ हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्याला स्वतःची स्वतंत्र मोजपट्टीच दिलेली नाही. टाळात तर तिथेही भरपूर ऐवज असतो. तो सांभाळायला गेलं की खालच्या पट्ट्यांनाही उगाच बारकाईने लिहावं लागतं आणि फाइल सुजते. मला स्वतःला १६ हजारांवरचं काही ऐकू येत नाही, वयाने ते दार केव्हाच लावून घेतलं आहे. त्यासाठी पुतणीला हेडफोन लावून बसवावं लागलं. तिने दहा मिनिटांत कंटाळून सांगितलं, ‘काका, सगळं सारखंच आहे, पण हे जरा टोचतंय.’ टोचत होतं ते ११२ वालं.

व्हॉर्बिस ऐकावा तो वीणेवर. काकडा सुरू होण्याआधी थोडा वेळ एकटी वीणा आणि एकच गळा असतो, टाळ अजून मांडीवर. व्हॉर्बिसचा लांब तुकडा सहसा ४६ मिलिसेकंदांचा, म्हणजे एमपी-थ्रीच्या जवळपास पावणेदोन पट. तारेतून निघणारे वरचे सूर एकावर एक रचलेले असतात. ते सुटे सुटे धरायला ही लांबी मोलाची ठरते. ९६ किलोबिटवरसुद्धा तारेची जवारी जागेवर होती. आणि जवारीवरून आठवलं. व्हॉर्बिसची पहिली पक्की आवृत्ती २००२ ची. त्यानंतर जपानमधल्या आओयुमी या टोपणनावाच्या गृहस्थांनी त्याची स्वतःची जुळणी केली, एओट्यूव्ही नावाची, आणि तिचे काही भाग पुढे मूळ व्हॉर्बिसनेच घेतले. वाद्य तेच, लाकूड तेच, तारा त्याच; फक्त घोडी कानाने ऐकत ऐकत घासायची. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारे कारागीर वेगळं काय करतात? मुक्त आज्ञावलीचं कौतुक करताना लोक फुकटपणाचं करतात; मला ही घासायची परवानगी जास्त मोठी वाटते.

टाळ आले की व्हॉर्बिस जरा बुजरा होतो. त्याचा आखूड तुकडा पावणेसहा मिलिसेकंदांचा आहे, लेमपेक्षा आखूड, तरी ९६ वर घुमाऱ्यात एक धूसर सूं राहून जाते. बाहेर भुरभुर पाऊस असावा तशी. वाईट नाही, पण कार्तिकात पाऊस कुठून आला असं वाटतं.

ऑपसवर मी जरा रेंगाळणार आहे. २०१२ मध्ये मानक झालेला हा सर्वांत धाकटा, आणि जन्मानेच जोडगोळी: बोलण्यासाठी स्काइपकडून आलेला सिल्क आणि संगीतासाठी झिफचा सेल्ट, ज्याच्यामागे ज्याँ-मार्क व्हालाँ आणि टिमथी टेरीबेरी ही नावं आहेत. गावातल्या प्रत्येकाने तो ऐकलेला आहे, नाव माहीत नसताना. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ऑपसमध्येच बांधलेली असते. तिच्यात टाळ डब्यासारखा वाजतो याचं कारण ती बोलण्यासाठी बेतलेली आहे, टाळासाठी नव्हे. त्यावरून ऑपसला नावं ठेवणं म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर धावलेल्या घोड्याला हळू म्हणणं.

संगीताच्या रूपात त्याची चाल न्यारी आहे. तो प्रत्येक पट्ट्यात एकूण जोर किती आहे हे आधी आणि नेमकं लिहितो. त्या जोराचा तपशील नंतर, परवडेल तेवढा. म्हणून बिट तोकडे पडले तरी पट्टा रिकामा पडत नाही. टाळाची धातूची झिलई जराशी वाळूची होते, पण तिचं वजन कमी होत नाही. वरून गरज पडली तर तो अडीच मिलिसेकंदांच्या तुकड्यापर्यंत खाली उतरतो. ९६ किलोबिटवर टाळाच्या आधीची सळसळ मी शोध शोध शोधली. सापडली नाही. पहिला आघात असा स्वच्छ पडला की मी हेडफोन काढून खोलीत पाहिलं. २०१४ मध्ये झालेल्या एका जाहीर अंध चाचणीत ऑपसने याच मापाच्या आसपास पहिला क्रमांक घेतला होता, लेमला तिथे १३० च्या आसपास बिट देऊनसुद्धा. त्या निकालाला आमच्या देवळाचं अनुमोदन.

मग तोच ऑपस ६४ वर आणून वीणेवर लावला, आणि त्याचा पाय घसरला. त्याचे तुकडे एकमेकांत फार थोडे मिसळतात, त्यामुळे सलग घुमणाऱ्या तारेचे सूर त्याला पुरते सुटे करता येत नाहीत. त्याची भरपाई करायला कारागिरांनी युक्त्या केल्या आहेत. २०१३ च्या १.१ आवृत्तीपासून तो सुरेल जागा ओळखून तिथे जास्त बिटही खर्च करतो. तरीही वीणेच्या कडेला एक खरबरीत कड येते, कुडाच्या भिंतीवरून हात फिरवावा तशी. टाळाला जिंकणारा वीणेला चाचपडतो, वीणेला जपणारा टाळाला बुजतो. एकाच काकड्यात दोघं आहेत, म्हणून निवड कठीण.

वेगाचं फार कौतुक नको. माझा लॅपटॉप जुना आहे. तासाभराचं मुद्रण फ्लॅक चहाचं आधण ठेवेपर्यंत संपवतो. बाकीचे तिघे चहा उकळून कपात येईपर्यंत. २०२५ च्या आधी हे करायला बसलो असतो तर फ्लॅक एकाच गाभ्यावर चालला असता. २०२५ च्या १.५ आवृत्तीपासून तो अनेक गाभ्यांना एकदम जुंपू शकतो. ऑपसच्या मेहनतीचा आकडा शून्यापासून दहापर्यंत ठेवता येतो, लेमलाही तसाच काटा आहे, पण वाचलेल्या अर्ध्या मिनिटाचं मी काय करणार? कापूस वेचायला जाणार?

वेगाचा दुसरा अर्थ मात्र मोलाचा: आत गेलेला आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर. ऑपसचा नेहमीचा उशीर साडेसव्वीस मिलिसेकंद. एवढ्या वेळात हवेतून आवाज नऊएक मीटर जातो, म्हणजे आमच्या सभामंडपाच्या एका टोकाला बसलेल्या टाळकऱ्याचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला जेवढा लागतो तेवढा. मधल्या जाळ्याचा उशीर वेगळा पडतो, तो ऑपसच्या हाती नाही. पण त्याच्या वाट्याचा उशीर देवळात मावतो, हे मला फार आवडलं.

शेवटी ठरलं असं: मूळ फ्लॅकमध्ये, वाटायला ऑपस १२८, आणि ज्यांच्या गाडीत पेनड्राइव्हवर एमपी-थ्रीच चालते त्यांच्यासाठी लेमचा व्ही-दोन. देवळाच्या भोंग्यावरही तिन्ही लावून पाहिले. भोंग्याने तिघांना सारखंच वागवलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. अंध चाचणीत सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखलं तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते, म्हणून नावं झाकून ऐकायचं असतं. पहिल्या दोन संध्याकाळी मी नावं समोर ठेवून ऐकलं. वहीत लिहिलं: ‘लेम, १२८. सम पडताना डावीकडे बारीक खरखर. आघाताचा कचरा.’ खाली दोन रेघा मारल्या. पुढे आमच्या मंडळातल्या एका जुन्या टाळकऱ्यांना हेडफोन लावून दिला. फाइल फ्लॅकची होती. त्यांनी डोळे मिटून अर्धा अभंग ऐकला, डावा कान बोटाने दाबला, पुन्हा सोडला.

‘हा टाळ तडकलेला हाये,’ ते म्हणाले. ‘दोन वर्सं झाली सांगून ऱ्हायलो त्याला, बदल म्हणून.’